लेन्स कोणती ते आत्याला विचार

हॅलो?… हॅलो, कोण?

…राजनंदिनी? अगं, नंबर बदलला का तू? नाव न्हाई आलं… हो, हो, आत्याच बोलून राह्यले. भोकरदनच्या स्टुडिओत दुसरं कोण उचलणार फोन.

न्हाई, कामात न्हाई. एक गिऱ्हाईक हाय पासपोर्ट फोटोचं… काका, टोपी काढून बसा जरा, आलेच मी… हं, बोल.

कॅमेरा? तू घेतलास?… मैत्रिणीचा जुना. मिररलेस. हो, माहीत हाय, एका हातात मावतो तसला. चांगला असतो… आणि लेन्स न्हाई त्याला. मंग?

अच्छा. एकच घ्यायची हाय. झूम घेऊ का प्राईम, हे विचारायला आत्याला फोन केला. चार वर्षांनी.

न्हाई गं, राग कशाचा. तू दहावीला होतीस तेव्हा. तुझ्यावर कसला राग… बरं ऐक. सोपं हाय. झूम म्हणजे एका जागी उभं राहून जवळचं-दूरचं दोन्ही घेता येतं. रिंग फिरवली का माणूस जवळ आला. प्राईमला ते न्हाई. ती एकाच मापाची. माणूस मोठा पाह्यजे तर तू स्वतः पुढं जायचं, लहान पाह्यजे तर मागं सरकायचं.

मी?… मी झूमच वापरते. चार वर्षं झाले, दुसरी लावतच न्हाई. मंडपाच्या मागं उभी राहते, तिथून नवरी, नवरदेव, समदं येतं. कुणाला पत्ता बी लागत न्हाई. लोकं म्हणतात, ताईचे फोटो लई नॅचरल येतात. तू बी झूमच घे. कालेजातले कार्यक्रम, सहली, सगळ्याला चालती…

का?… खोलीत काढायचेत. उजेड कमी हाय… एकच खिडकी, आणि ती बी पडदा लावलेली. पडदा उघड ना मंग… उघडता येत न्हाई. बरं. कमी उजेडात छोटी झूम गडबड करती, खरंय. फोटो हलतो. तिथं प्राईम बराबर. तिचं तोंड मोठं उघडतं, अंधारात बी चेहरा निघतो.

हलत न्हाई?… पडूनच असतात. कोण?… प्रोजेक्टसाठी. एक म्हातारे. बरं.

फ्लॅश नकोच. आजारी माणसाच्या डोळ्यावर कशाला फ्लॅश… आवाज? बंद होतो की. मिररलेसला सायलेंट शटर असतं, मेनूत जाऊन चालू कर. झोप मोडायची न्हाई.

हो… हो, जवळून काढता येतं, तीनेक फुटावरून… काय म्हणलीस?

परत सांग. मानेच्या वर कापता येईल का. मान नको दिसायला.

मान का नको गं?

राजनंदिनी. हे म्हातारे कुठल्या गावचे?

…अगं बोल ना. रडून राह्यली का तू?… बेटा, हळू. मला ऐकू येईना. रस्त्यावर ट्रॅक्टर चालले… थांब, काच लावते.

हं. आता सांग.

…

दादा.

माझा आबारावदादा… कधीपासून?

काका, तुम्ही संध्याकाळी या. आज फोटो न्हाई निघायचा. न्हाई हो, बिघडलं काही न्हाई. संध्याकाळी या तुम्ही… हां.

बोल बेटा, गेले ते. गळ्याचा कॅन्सर… मागच्या वर्षीपासून. आणि मला कुणीच न्हाई सांगितलं. शालूवैनीनं, तुझ्या आईनं बी न्हाई?… त्यानंच नको म्हणलं. बरं. ऑपरेशन कुठं झालं?… संभाजीनगरला. आवाजाची पेटीच काढून टाकली. म्हणजे बोलतच न्हाई?… बिलकुल न्हाई. गळ्याला भोक हाय, त्यातून श्वास घेतो. म्हणून तू मान नको म्हणून राह्यलीस.

आता काय म्हणतात डॉक्टर?… घरी घेऊन जा म्हणले. कधी म्हणले?… तीन आठवडे झाले.

…हाय मी. ऐकून राह्यले. बोल.

न्हाई, तुला कुठं ठाऊक असंल काय झालं होतं. घरात कुणी सांगितलं नसंल. सांगू का?… तुला सांगायला पाह्यजे. तुझे मामा, म्हणजे माझे मालक गेले, त्याला सहा महिने झाले होते. स्टुडिओ मी एकटीनं चालू ठेवला. तेव्हा आपल्या कुंभार पिंपळगावातच लग्न होतं, चुलतभावाच्या पोरीचं. फोटोची ऑर्डर मला दिली, घरचीच म्हणून. कॅमेऱ्याला मामाची प्राईम होती. ते तीच वापरायचे, माणसाच्या पुढ्यात जाऊन काढायचे फोटो. मला बी तेच शिकवलं होतं त्यांनी.

तर हळद चालू होती. मी नवरीजवळ गुडघ्यावर बसले, चेहरा घ्यायला. नवरदेवाकडची एक बाई होती, नंदाबाई. ती म्हणली, ही विधवा बाई हळदीच्या पोरीला एवढी का खेटून राह्यली, उठवा तिला. मी दादाकडं पाह्यलं. मला वाटलं आता बोलंल तो. माझा मोठा भाऊ हाय, घरचं लग्न हाय…

बोलला. तिला न्हाई, मला. म्हणला, “दैवशाला, तू मागं हो. दुरून काढ फोटो.”

एवढंच. आवाज बी चढवला न्हाई त्यानं. मी उठले, खुर्च्यांच्या मागं जनरेटरपाशी जाऊन उभी राह्यले. तिथून काढले राहिलेले फोटो. त्या प्राईममध्ये तिथून नवरी वाटाण्याएवढी येऊन राह्यल्ती. पण काम पूर्ण करून दिलं मी. पुढच्याच आठवड्यात संभाजीनगरला गेले आणि मोठी झूम आणली. मामाची काढून कपाटात ठेवली. तेव्हापासून कुठल्याच मंडपात पुढं गेले न्हाई. कुणी मागं हो म्हणायच्या आधीच मी मागं असते.

आणि माहेराला बी न्हाई आले. दोनदा भाऊबीजेला शालूवैनीचा फोन आल्ता, मी उचलला न्हाई. हो, मुद्दामच.

न्हाई, तू कशाला माफी मागतेस. ऐक ना… अगं, ऐक. तो एकदा आल्ता इथं. तुला माहीत हाय?

…माहीत हाय. मागच्या उन्हाळ्यात, हो. समोरच्या रसवंतीपाशी उभा होता. अर्धा तास उभा होता गं. काखेत मोठं पाकीट होतं. मी काचेतून पाह्यलं, आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. पोरीला सांगितलं… दुकानात मदतीला अक्षता होती तेव्हा, तिला म्हणलं, कुणी आलं तर ताई जालन्याला गेल्या म्हण. मला वाटलं, शेताच्या हक्कसोडपत्रावर सही घ्यायला आला असंल. पाकीट पाहून तेच वाटलं मला. बाहेर आले तेव्हा दारात पोरीला विचारून गेल्ता तो. मी मनात म्हणलं, बरं झालं.

काय होतं त्या पाकिटात?

…

स्कॅनचे फोटो. त्याच दिवशी संभाजीनगरला डॉक्टरनं सांगितलं होतं. आणि गावाकडं जायच्या ऐवजी वाट वाकडी करून भोकरदनला आला.

तेव्हा बोलता येत होतं का त्याला?… येत होतं. घोगरं, पण येत होतं.

…

न्हाई, काही न्हाई. पाणी पिऊन राह्यले. बोल तू.

हे फोटोचं कुणी काढलं मंग? तुझ्या मनानं?… त्याच्या? तो कसं सांगतो?… वहीत लिहून. काय लिहिलं? न्हाई, तुझ्या शब्दात नको. वही जवळ हाय ना, वाचून दाखव.

“माझा एक चांगला फोटो काढ.” हं… खाली? खाली काय लिहिलं?

“लेन्स कोणती ते आत्याला विचार.”

…

त्याला गं काय माहीत लेन्स काय असती. जन्मात कॅमेरा हातात घेतला न्हाई त्यानं. आणि ते प्रोजेक्ट, म्हातारे?… ते तू तुझ्या मनानं घातलंस. त्यानं लपव म्हणलं न्हाई. तू घाबरलीस, आत्या फोन ठेवून देईल म्हणून. हो… तुझं बी चूक न्हाई. दिला असता ठेवून.

बरं, लिहून घे. प्राईम. पस्तीस एमएमची घे, तुझ्या छोट्या कॅमेऱ्याला ती बराबर. मामाची बसत न्हाई त्याला, जोड वेगळा असतो, नसता तीच दिली असती. आणि दारातून काढू नको. खाटेपाशी खाली बस, त्याचे डोळे आणि तुझे डोळे एका उंचीला आले पाह्यजेत. पडदा वीतभर सरकव, तेवढ्यानं त्रास होत न्हाई. पहिले दहा-बारा फोटो वाया जाऊ दे, माणूस कॅमेऱ्यासमोर आखडतो. मंग विसरतो.

आणि मान तू ठरवू नको. त्याला विचार. त्याला दिसू द्यायची असंल तर दिसू दे.

राजनंदिनी, तो जागा हाय का आत्ता?… फोन नेशील त्याच्यापाशी? कानाला लाव त्याच्या. आणि तू खोलीतून जाऊ नको, नुस्ती गप बस.

…

…दादा?

मी हाय. दैवशाला.

न्हाई, घाई न्हाई. तुझा श्वास ऐकू येऊन राह्यलाय मला. बराबर ऐकू येतोय.

दादा, त्या दिवशी मी जालन्याला गेले नव्हते. दुकानातच होते. तुला पाह्यलं आणि आत जाऊन बसले. तू उन्हात उभा होतास ते बी पाह्यलं. मला वाटलं सहीला आलास. आत्ता कळलं मला, तुझ्या पोरीनं सांगितलं.

…

हळदीतलं मी विसरले न्हाई. तुला वाटंल, आजारी माणूस हाय म्हणून ही गोड बोलती. तसं न्हाई. लई लागलं होतं मला. मालक गेले तेव्हा बी एवढी एकटी झाले नव्हते मी. ती बाई परकी होती, तिचं काय. तू पुढं यायला पाह्यजे होतं, दादा.

…हो. ऐकतोयस ना तू. माहीत हाय मला, ऐकतोयस.

रडू नको. तुला श्वास लागंल. राजनंदिनी, त्याचं डोकं वर घे जरा. उशी दे… हं.

दादा, मी येऊ का? आत्ता निघाले तर दिवस मावळायच्या आत जालन्याला पोहचते, तिथून पिंपळगावची गाडी भेटंल. न भेटली तर अंबडवरून काही तरी करीन. पण तू म्हणशील तर. मागच्या बारीला तू माझ्या दारात आलास आणि मी न्हाई आले बाहेर. आता तू नको म्हणलास तर मी न्हाई येणार, तुला तेवढा हक्क हाय.

बोलू नको, बोलायला जाऊ नको. फोनवर बोट वाजव. ये म्हणत असशील तर एकदा वाजव.

…

…

गाडी गेली रस्त्यानं, मला न्हाई कळलं. परत वाजव.

…

हं.

ऐकू आलं… हो, ऐकू आलं दादा. एकदाच म्हणले होते मी… बास. बास, कळलं मला. किती वाजवतोस, बोट दुखंल.

निघाले मी. शटर ओढते आणि निघते. ठेव तू आता…

बरं, नको ठेवू. मीच ठेवते.