खिडकीतला शेरा

मैत्रेयी : नाही सर, अर्जावर सही कराच. सातवीचं गणित पौर्णिमा मॅडमना द्या. मला पहिली चालेल.

रूपराव : बसा तं आधी, मॅडम. तीन वर्षांपासून तुमीच शिकवून राह्यल्या सातवीले. आता मधातच काय झालं?

मैत्रेयी : वर्गनिरीक्षणाच्या लॉगबुकात तुम्हीच लिहिलंय. "आत्मविश्वास कमी. मुलांकडे न बघता शिकवतात." तीनही वर्षं हाच शेरा. मुख्याध्यापकांनाच असं वाटतं, तर मी कशाला शिकवू?

रूपराव : शेऱ्याचं एवढं मनावर घेतेत का कोनी?

मैत्रेयी : मी घेतलं ना! घरी, नालवाडीला, आरशासमोर उभी राहून अपूर्णांक शिकवले. नवरा हसत होता. आता वर्गात एक वाक्य बोलते आणि खिडकीकडे बघते.

रूपराव : खिडकीकडं काऊन?

मैत्रेयी : तुम्ही वर्गात येऊन कधी बसला नाहीत. म्हणजे व्हरांड्यातूनच बघत असणार, असं मी धरून चालले. परवा वर्गात आकांक्षाने विचारलं, "मॅडम, बाहेर कोन हाय?" आणि फळ्यावर माझंच उदाहरण चुकलं. सोप्या भागाकाराचं.

रूपराव : अरे देवा.

मैत्रेयी : तेरा ऑगस्टला तुम्हाला नेमकं काय दिसलं, तेवढं सांगा. मग मी जाते.

रूपराव : तेरा तारखेले मी सेलूले गेलतो. मीटिंग होती.

मैत्रेयी : पण शेऱ्याखाली तीच तारीख आहे.

रूपराव : हाय. मागच्या वर्षीचं पाहून उतरवलं, मॅडम. वरून फोनवर फोन येत होते, निरीक्षणं भरा म्हणून.

मैत्रेयी : आणि मागच्या वर्षी?

रूपराव : त्याच्या आधीचं पाहून.

मैत्रेयी : पण पहिल्या वर्षी? तेव्हा तरी मला बघूनच लिहिलं असेल ना?

रूपराव : तो गोपाल सरांचा शेरा होता. तुमच्या आधी तेच होते ना सातवीले. म्या फक्त नाव बदललं.

(मैत्रेयी खुर्चीत बसते.)

मैत्रेयी : मला राग येतोय, सर. खूप येतोय. पण ओरडायचंही त्राण नाही.

रूपराव : ओरडा, मी आयकून घेतो. मी बी गणिताचाच मास्तर. पाच वर्षं झाले, खडू हातात नाई घेतला. आधार भरा, खिचडीची माहिती भरा, फोटो टाका. माहीच लाज वाटते मले. ह्या अर्जावर आज सही नाई करत मी.

मैत्रेयी : मग उद्या करा. आधी तिसऱ्या तासाला वर्गात या. पूर्ण तास बसा.

रूपराव : येतो. लॉगबुक आणू?

मैत्रेयी : नको. पेनसुद्धा नको.

रूपराव : बरं. खिडकीपाशी बसतो एका बाजूले. तुमाले अडचण नको.

मैत्रेयी : मुलांमध्ये बसा, सर. खिडकीत तुम्ही तीन वर्षं उभे होतात.