पालकाखालचा मासा

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या बाजारात खारवलेल्या माशासाठी रांग लागली होती. रांगेत उभ्या असलेल्या फुएन्सान्ताच्या पुढे दोन म्हाताऱ्या बहिणींची जुंपली होती.

“त्रिनी, आईच्या चणे-पालकात मासा नसायचाच. उगाच ताटकळत ठेवलंस मला.”

“नसायचा कसा, ताई? दर वर्षी असायचा!”

“काहीतरीच! पालक, चणे आणि तळलेल्या पावाचं वाटण. बस्स. मी काय आंधळी होते?”

“अगं, एवढा तुकडा! वाडग्याच्या तळाशी, पालकाखाली झाकलेला.”

“झाकलेला?”

“हो, वरून दिसायचाच नाही.”

कोणाचं खरं मानावं, फुएन्सान्ताला कळेना.

“माझ्या तळाशी चणेच असायचे, त्रिनी.”

“असं कसं? आई तर म्हणायची, आज जेवताना बोलायचं नाही. मला वाटायचं, गुड फ्रायडेचा नेमच असेल.”

“मला नाही कधी म्हणाली.”

“...मी फार आजारी असायचे ना गं तेव्हा?”

“असायचीस.”

“बाई, किती तुकडे देऊ?” मासेवाल्यानं विचारलं. त्रिनी ताईकडे बघत राहिली.

“दोन दे,” ताई म्हणाली. “आणि त्यातला मोठा माझा.”