गाडीवर आम्ही तिघे

नाही लिहिणार म्हणजे नाही लिहिणार. तुम्हाला सांगतो, गेलं वर्षभर मी हे एकच वाक्य बोलतोय, बायकोशी, मेकॅनिकशी, विमा कंपनीतल्या त्या पोरीशी... बाप्पाला मी सामान लिहिणार नाही. आता तुम्ही म्हणाल, लिहायला सांगितलं कोणी? विमा कंपनीने. तेही फोनवर, इतक्या गोड आवाजात, की आधी मला वाटलं आरोग्याची चौकशी चाललीय.

झालं असं, की मागच्या वर्षी हरतालिकेला मी आणि आमची ही, दुर्गा, लालबागच्या कारखान्यातून बाप्पा घेऊन नायगावला निघालो, मोटरसायकलवरून, कारण आमच्याकडे बाप्पा दुचाकीवरूनच येतात, वडिलांच्या स्कूटरपासूनची पद्धत आहे. पुढे मी, मागे दुर्गा, आणि तिच्या मांडीवर, आमच्या दोघांच्या मधोमध, बाप्पा, तोंडावर रुमाल. काटा विसाच्या वर जाऊ देत नाही मी. मागून टेम्पोवाले काय काय बोलतात, ते बाप्पांच्या कानावर पडू नये म्हणून मी मोठ्याने आरती म्हणतो.

आणि परळला एका मंडपाबाहेर कोणीतरी हिरवं कार्पेट अंथरून ठेवलेलं, ओलंचिंब. चाक त्यावर गेलं आणि गाडी अशी आडवी झाली, जशी म्हैस डबक्यात बसते. हँडल वाकलं, हेडलाइट फुटला, टाकी चेपली. मी एकीकडे. आणि दुर्गा? ती कार्पेटवर मांडी घालून बसलेली, मांडीवर बाप्पा, ओरखडा नाही, रुमालसुद्धा जागेवर. माणसं धावत आली. प्रत्येकाने विचारलं, ‘बाप्पा ठीक ना?’ माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं, ते बघायला कोणाला सवड? दोघांनी तर तिथेच नमस्कार केला. मला नाही.

असो. पॉलिसी पूर्ण होती, मी कधी हप्ता चुकवलेला नाही. क्लेमचा फॉर्म आला. त्यात प्रश्न, अपघाताच्या वेळी वाहनावर किती जण होते? आता मी माणूस कसा? माझगावच्या गोदीत हजेरी घेण्यात हयात गेली माझी. आहे तो हजर, नाही तो गैरहजर. मांडीवर बसलेल्याला मी गैरहजर कसा लावू? लिहिलं, तीन. पुढे नावं. मी स्वतः, पत्नी दुर्गा, श्री गणपती.

फोन आला. ‘काका, मी आकांक्षा, क्लेम डिपार्टमेंट. तुम्ही ट्रिपल सीट होतात?’

म्हटलं, बाळा, या वयात? तिला सगळं सांगितलं.

‘अच्छा, मूर्ती होती. मग काका, टेन्शन नॉट. तिनाचे दोन करा आणि खाली लिहा, सोबत सामान, एक नग. लगेच पास करते.’

नग.

तुम्हीच सांगा, दारात बाप्पांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकताना माझी आई काय म्हणायची? बाप्पा आले, की माल उतरला? पाच दिवस आपण मोदक कोणाला करतो, सामानाला? आणि शेवटच्या दिवशी पाण्यात उभं राहून, घसा बसेपर्यंत, पुढच्या वर्षी लवकर या, हे काय सुटकेसला सांगतो? मी म्हटलं, नाही लिहिणार.

पण पोरगी हुशार. म्हणते, ‘काका, प्राणप्रतिष्ठा चतुर्थीला होते ना? तुमचा अपघात तृतीयेला. म्हणजे त्या दिवशी टेक्निकली शाडूच.’

तडक कारखान्यात गेलो, म्हटलं निदान धोंडू तरी बाजू घेईल, हयातभर मूर्ती घडवणारा माणूस. तो ब्रश धुता धुता म्हणतो, ‘काका, माझ्याकडनं जाते ती मूर्ती. पुढचं तुमचे भटजी बघतात.’ घरी आलो तर दुर्गा. ती दादरच्या शाळेत शिकवते, तिला सोडायला गाडी नाही, दुरुस्ती खिशाबाहेरची, रोज बसने लोंबकळत जायची. रागावली की ती माहेरच्या मालवणीत शिरते. ‘लिवा मा सामान. गणपती काय तुमचो फॉर्म वाचूक येतलो?’

तिची दया येत होती हो मला. पेन हातात घेतलं सुद्धा. आणि समोर दोरीवर तोच रुमाल वाळत घातलेला, बाप्पांच्या तोंडावरचा. लावला फोन. म्हटलं, आकांक्षाताई, शाडूच होती ना? मग वाटेत तोंड कोणाचं झाकलं होतं? बाप्पांची नजर वाटेत कोणावर पडू नये म्हणून झाकतात. शाडूला नजर असते का? नगाला असते?

पलीकडून हळूच, ‘काका, आमच्या घरी पण झाकतात. थांबा, सरांना विचारते.’

आणि पत्र आलं बरं का. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. ‘आपला मुद्दा मान्य. श्री गणपती हे सामान नसून सहप्रवासी होते, हे कंपनी स्वीकारते. सबब, दुचाकीवर तिघे प्रवास करत होते. दावा नामंजूर.’

जिंकलो मी. एवढ्या मोठ्या कंपनीने लेखी दिलं. फ्रेम करून लावलंय भिंतीवर. दुर्गाने त्या फ्रेमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आठवडाभर दोघांशीही बोलली नाही. गाडी अजून खाली ताडपत्रीत आहे.

यंदा बाप्पांना बसने आणलं. रुमाल दुर्गानेच बांधला. कंडक्टरने दुर्गाच्या हातांतल्या बाप्पांकडे बोट दाखवलं, ‘काका, लगेजचं फाडू?’

दुर्गाने माझ्याकडे बघितलं. मग मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, ‘लगेज कोणाला म्हणता? तीन फुल द्या.’

दिली त्याने. तीन फुल. आणि तुम्हाला सांगतो, अख्ख्या बसमध्ये रिकामी सीट एकच होती... बाप्पा बसले. आम्ही दोघं नायगावपर्यंत उभे.