ठकीची वळलेली पिसं

दशरथ : बदकाचे पाय धर, नाहीतर बाजूला हो. उद्या गटारी. आज कापून साफ करायला पाहिजे.

शेवंती : मी नाही धरणार. आये, सांगा ना तुमच्या लेकाला! या घरात मादी कापत नाहीत, असं तुम्हीच बोलता ना?

आये : बोलतंय गो. माझ्या सासूची रीत ती. कोंबडी असो, बकरी असो, मादयेक सुरी लावूची नाय. पण तुझी ठकी आता मादी रवली खंय?

दशरथ : घे! मान बघ, हिरवीगार झालीय. शेपटीवरची पिसं कशी कुरळी वळलीत. नराची खूण आहे ती. आख्ख्या मरोळात विचार कोणालाही.

शेवंती : गेल्या पावसापर्यंत अंडी घालत होती ना हीच? तुमची गिरणी बंद पडली, तेव्हा पोरांच्या ताटात काय होतं? ठकीची अंडी! तेव्हा नाही कोणी शेपटी बघितली.

दशरथ : तेव्हा बाई होती, आता बुवा झाली. मी काय करू, पूजा घालू तिची?

आये : आमच्या गावाक कोंबडी आरवली की त्याच दिवशी तिची मान मुरगाळीत. अवलक्षण ता.

शेवंती : ठकी कुठे आरवलीय? ऐका जरा.

(बदक जोरजोरात ओरडतं.)

शेवंती : हा नराचा आवाज? शेजारच्या धोंडूभावजींचा नर बघा, घसा बसल्यासारखा नुसता घरघरतो. काल मी हिला पदराखाली घेऊन आरे कॉलनीत गेले होते. गुरांच्या डॉक्टरकडे.

दशरथ : बदक घेऊन डॉक्टरकडे? वाट लागली! हसले असतील सगळे.

शेवंती : हसले. डॉक्टर नाही हसले. मादीच आहे म्हणाले. वय झालं, पोटातली अंड्यांची जागा सुकली, की एखादीला नराची पिसं फुटतात. रंग बदलतो, आवाज तोच राहतो. आणि ती काही पिल्लांचा बाप होत नाही.

दशरथ : म्हणजे अंडी पण नाहीत आणि नर पण नाही. मग कशाला ठेवायची यार? फुकट खायला?

शेवंती : आपण खाल्लं ना तिचं इतकी वर्षं? कापा खुशाल. पण उद्या मी पानावर बसणार नाही, सांगून ठेवते. जीव आहे माझा तिच्यावर. माझ्या घशाखाली नाही उतरायचा तो घास.

आये : शेवंती, काय म्हणालो तो डॉक्टर? म्हातारपणी होता असा?

शेवंती : होतं कधीकधी. बायकांची पाळी जाते ना, तसंच म्हणाले.

आये : आणि पोटातसून बायलमाणूसच?

शेवंती : बायलमाणूसच. मरेपर्यंत.

दशरथ : आये, काय ते लवकर सांग. सुरीला धार लावून बसलोय मी.

आये : मग कांदो काप तिना. गटारेक कोंबडो आण बाजारातसून. आणि शेवंती, तू चिमटो घेऊन हय उजेडात ये गो. माझ्या हनवटीर परत केस इलेत.