माझूआईच्या पालखीचा नकाशा

ज्वो काका : उचल, उचल ते लाकडाचे तुकडे. पुन्हा दोन्ही उताणे पडले. हसली माझूआई.

इ-जेन : काका, तुमची ही समुद्राची देवी सारखी सारखी काय हसते? एक उताणा, एक पालथा पडला की झालं. एवढाच तर कौल मागतेय मी!

ज्वो काका : दोन्ही पालथे पडले असते, तर 'नाही' म्हणाली असती. हसली म्हणजे तुझा प्रश्नच धड नाही. काय विचारलंस तिला?

इ-जेन : 'माझूआई, तुझ्या पालखीचं ॲप चांगलं झालंय ना?'

ज्वो काका : वा! म्हणजे स्वयंपाक आपणच करायचा आणि आपणच विचारायचं, 'झक्क झालाय ना?'

इ-जेन : तुम्हाला चेष्टा सुचतेय! आज कौल मिळाला नाही, तर तुमची मंदिर समिती हे काम दुसऱ्या कंपनीला देणार. साहेबांनी पहिल्यांदाच अख्खं काम माझ्यावर सोपवलंय हो. तैपेईत आमच्या ऑफिसातली पोरं फोनकडे डोळे लावून बसलीयेत.

ज्वो काका : मी काय करू? कौलाशिवाय आम्ही देवळाला रंगसुद्धा देत नाही. अध्यक्ष मी असलो, तरी मालकीण ती आहे.

इ-जेन : पण तुम्ही तर दर वेळी 'छान, छान' म्हणत होतात!

ज्वो काका : तू एवढ्या लांबून यायचीस, अननसाचे केक आणायचीस. पाहुण्या पोरीला तोंडावर 'नको' कसं म्हणायचं?

इ-जेन : म्हणजे तुमचं 'छान' म्हणजे 'नको' होतं?

ज्वो काका : 'छान' म्हणजे 'आता चहा घे' होतं.

इ-जेन : अरे देवा! बरं, मग खटकलं काय, ते आता तरी सांगा. हे बघा, पुन्हा दाखवते.

ज्वो काका : हं. ही निळी रेघ कसली?

इ-जेन : पालखीची वाट. गेल्या वर्षी गेली तीच. कुठल्या गावात कधी पोचणार, सगळं आधीच दिसतं.

ज्वो काका : आणि ही वाट ठरवली कुणी?

इ-जेन : समितीनंच ना? आमच्या आजोळच्या माझूची वाट वर्षानुवर्षं ठरलेली आहे.

ज्वो काका : तुझ्या आजोळची असेल शिस्तीची. आमची आपल्या मनाची राणी! तिठ्यावर आली की भोयांच्या खांद्याला हिसका बसतो, मग जिकडे हिसका तिकडे पालखी. गेल्या वर्षी पेट्रोल पंपावर जाऊन उभी राहिली. त्याआधी एकदा शाळेत शिरली, ऐन परीक्षेत!

इ-जेन : म्हणजे... मी देवीला वेळापत्रक लावून दिलं?

ज्वो काका : दिलंस की! आणि वर तिलाच विचारतेस, 'चांगलं झालंय ना?' हसेल नाहीतर काय करेल?

इ-जेन : हसा, तुम्हीही हसा. माझंच चुकलं. बटणं लाल हवीत की हिरवी, हे तुम्हाला दहादा विचारलं. पालखीच्या दिवशी तुम्ही सगळे काय करता, हे विचारलंच नाही.

(मंदिराच्या स्वयंपाकघरातून आ-लुआन काकू हात पुसत येतात.)

आ-लुआन काकू : काय गं हा खडखडाट मघापासून? देवीला जरा निवांत बसू द्याल की नाही?

इ-जेन : काकू, बऱ्या आलात. पालखीच्या दिवशी तुमचं काय अडतं?

आ-लुआन काकू : माझं घोडं शेवयांपाशी पेंड खातं. 'पालखी आली, आली' म्हणून ओरडतात, मी शेवया उकळत्या पाण्यात सोडते, आणि ती वळते भलतीकडे! हंडाभर लगदा. मला वाटबिट नको बाई. आत्ता कुठे आहे आणि मागे खाणारी तोंडं किती, तेवढं सांग.

इ-जेन : आणि काका, तुम्हाला? अध्यक्ष म्हणून नको. घरचं सांगा.

ज्वो काका : माझं काय... जाऊ दे.

आ-लुआन काकू : सांगा की! लाजताय काय नव्या नवरीसारखे?

ज्वो काका : आमची म्हातारी आई गं. आता चालवत नाही तिला. गल्लीत पालखी येईल म्हणून पहाटेपासून उदबत्त्या घेऊन दारात बसते. गेल्या वर्षी माझूआई मागच्या रस्त्यानं निघून गेली. मी पालखीबरोबर, घरी कुणी नाही. म्हातारी अंधार पडेपर्यंत तशीच बसून होती. तिला कुणी सांगितलं असतं, मला कुणी सांगितलं असतं, तर पाठीवर घेऊन गेलो असतो तिला. फार लागलं ते मनाला.

इ-जेन : काका! हे आधी का नाही बोललात?

ज्वो काका : ॲपमध्ये असलं काही बसतं, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, बटणंच असतात.

इ-जेन : हेच तर बसवायचं असतं! काकू, सरका जरा. माझूआई, मी केलंय ते चुकलंय. घरोघरी विचारून पुन्हा नव्यानं करू का?

आ-लुआन काकू : अगं बाई! पडला बघ! एक उताणा, एक पालथा!

ज्वो काका : मिळाला कौल! काम तुझंच, पोरी. लाव तैपेईला फोन.

इ-जेन : फोन नंतर. आधी तुमच्या घरी न्या मला. म्हातारीला काय हवंय, ते तिच्याच तोंडून ऐकते.

ज्वो काका : चल. जरा मोठ्यानं विचार हं. तिला कुणी काही विचारायची सवय राहिली नाही आता.