‘आई, चल’ या कार्यक्रमाची नक्कल व फ्लेक्सवरील फोटोबाबत

दि. १८/०२/२०२५

नाव : अपूर्वा श्रीपाल दानोळे, वय ३२ वर्षे, धंदा : कार्यक्रम आयोजन, रा. राजारामपुरी, कोल्हापूर.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर वडील श्रीपाल व आई अक्काताई यांचेसह राहण्यास आहे. वडिलांचे शेती औषधांचे दुकान आहे. आई घरी असते, तिचे वय ६१ आहे. मी साखरपुडे, डोहाळजेवणे, वाढदिवस असे कार्यक्रम ठरवून देण्याचा व्यवसाय करते.

तीन वर्षांपूर्वी एका हळदीचे काम माझ्याकडे होते. पुरुष मंडळी जेवायला गेल्यावर बायका नाचू लागल्या. साठी ओलांडलेल्या बायकाही उठल्या. तेवढ्यात एका मुलीने मोबाईल वर धरला. तो बघताच मोठ्या बायका एकेक करून खुर्चीवर जाऊन बसल्या. एकीने पदर तोंडावर घेतला. नाचू नका असे त्यांना कोणीही म्हटले नव्हते. कार्यक्रमाची कल्पना माझ्या डोक्यात आली ती तेथे.

मी कार्यक्रमाचे नाव ‘आई, चल’ असे ठेवले. मुलीने आईला घेऊन नाचायला यायचे. आई नसेल तर सासू, मावशी, शेजारीण, जिला ती आई मानते तिला आणायचे. एकटीला प्रवेश नाही. मोबाईल दारात कापडी पिशवीत घालून, गाठ मारून आमच्याकडे द्यायचा. हॉलमध्ये पुरुष नाही, वाढपीसुद्धा नाही. दारू नाही. दिवे मंद. पहिले गाणे आयांच्या पसंतीचे. संध्याकाळी सुरू करून गडहिंग्लज, हुपरीकडच्या बायकांना शेवटची एसटी मिळेल अशा बेताने संपवायचे. कोल्हापुरात रात्रीचे बाहेर पडायचे म्हणजे जेवायला, एवढेच आमच्या घरांतल्या बायकांना माहीत होते. असा कार्यक्रम यापूर्वी येथे कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पहिल्या कार्यक्रमास मोजक्या जोड्या आल्या. बराच वेळ कोणी उठले नाही. मग गडहिंग्लजहून आलेल्या एक आजी म्हणाल्या, “दिवं आणखी जरा बारीक करा की.” तसे केल्यावर त्या उठल्या. नंतर सगळ्याच उठल्या. त्या कार्यक्रमानंतर मला जाहिरात करावी लागली नाही.

माझी आई एकदाही आली नाही. मी दर वेळी विचारत असे. “तू दारात उभी ऱ्हाणार, मी कुणासंगं नाचू?” असे ती म्हणे. दारात मीच उभी असे, हे खरे आहे.

साऊंड व लाईट पहिल्यापासून ऋतुराज इंगवले, रा. कोल्हापूर, याचे असे. आत मशीन त्याची बहीण राजनंदिनी चालवत असे; कामानिमित्त ती आमचे घरी येई, त्यामुळे आईला ओळखत असे. तो स्वतः कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर टेम्पोत बसून राही. त्याचे कामाबाबत माझी कधी तक्रार नव्हती.

मागील दिवाळीनंतर ऋतुराज मला म्हणाला, “ताई, हॉलमध्ये किती दिवस करणार? गडमुडशिंगीच्या बाजूला लॉन हाय. हजार बायका मावतील. स्पॉन्सर मी आणतो. फक्त कॅमेरा लागंल. कार्यक्रम दिसलाच न्हाय तर स्पॉन्सर कशाला येतोय?” मी त्यास सांगितले की, कॅमेरा आला की हा कार्यक्रमच राहत नाही. तो म्हणाला, “बघा, इचार करा.” यापुढे आमचे त्याबाबत बोलणे झाले नाही.

जानेवारी महिन्यात मला मोबाईलवर ‘चल की आई’ नावाच्या कार्यक्रमाची जाहिरात आली. आयोजक म्हणून ऋतुराजचे फर्मचे नाव बारीक अक्षरात होते. रंग, अक्षरांचे वळण, हातात हात धरलेल्या आई-मुलीचे चित्र हे आमच्यासारखेच होते. खाली ‘कोल्हापूरचा गाजलेला कार्यक्रम आता लॉनवर’ व ‘मोबाईल दारात ठेवा, निर्धास्त नाचा’ असे छापले होते. मी त्यास फोन करून विचारले असता तो म्हणाला, “आईला घेऊन नाचायचं पेटंट काढलंय व्हय तुम्ही? दहीहंडी काय एकाच मंडळाची असती? नाव वेगळं हाय की.” मी फोन ठेवला.

त्यानंतर मी एका वकिलांना भेटले. नाव व चित्र यांबाबत दावा करता येईल, पण कल्पनेवर कोणाचा हक्क लागत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. दाव्यास वेळ लागेल असेही सांगितले. मी तो विषय सोडून दिला. त्यानंतर मी स्वतःचा नवीन कार्यक्रम ठरविला नाही. ऋतुराजने नक्कल केल्याचे मी घरी सांगितले नव्हते.

शनिवार, दि. ०१/०२/२०२५ रोजी ‘चल की आई’ हा कार्यक्रम लॉनवर झाला. त्या दिवशी मी सांगलीस एका साखरपुड्याचे कामात होते. माझी मावसबहीण आदिती हुपरीस राहते. तिची आई, म्हणजे माझी मावशी, हयात नाही. आदितीने जाहिरात पाहिली. ‘गाजलेला कार्यक्रम’ यावरून तो माझाच आहे असा तिचा समज झाला. तिने माझे आईला फोन करून सांगितले की, “मावशी, ताईचा मोठा कार्यक्रम हाय. तिला न सांगता जाऊया. माझी आई म्हणून तू चल.” आई तयार झाली. दोघींनी आपापले मोबाईल दारात जमा केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला राजनंदिनीचा फोन आला. ती म्हणाली, “ताई, काल काकू आल्या होत्या. दारात तुमचं नाव घेऊन इचारत होत्या. मला वाटलं तुम्हाला म्हाईत असंल.” मग तिने सांगितले की, वरच्या बाजूस कॅमेरे लावले होते. “लांबनं घेतोय, तोंडं दिसणार न्हाईत, असं दादा म्हणाला होता.”

मी आईला विचारले. ती भाजी निवडत होती. “व्हय, गेलतो आम्ही. चांगलं झालं,” असे म्हणून ती भाजी निवडत राहिली. मी आणखी काही विचारले नाही.

दोन-तीन दिवसांनी कार्यक्रमाचे व्हिडिओ ऋतुराजचे फर्मच्या सोशल मीडियावरील पानावर आले. त्यातील एक व्हिडिओ फक्त माझे आईचा आहे. तिचा चेहरा स्पष्ट दिसतो. पदर कमरेला खोचलेला आहे. ती चांगली नाचते. नाचताना ती मधूनमधून मान वळवून दाराकडे पाहते. ती मला शोधत होती. व्हिडिओस ‘साठीतली पोरगी’ असे नाव दिले आहे. त्याखाली लोकांनी काय लिहिले ते मी येथे सांगत नाही. त्याच्या छापील प्रती हजर केल्या आहेत.

हा व्हिडिओ आमच्या नात्यात व ओळखीत बहुतेक सर्वांकडे पोहोचला. आई रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनास जात असे. ती जायची बंद झाली. गुडघा दुखतो असे तिने सांगितले. एका नातलगाने वडिलांचे दुकानात जाऊन त्यांना व्हिडिओ दाखविला. वडिलांनी त्यास काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. वडील पूर्वी डबा नेत. त्या दिवसापासून ते दुपारी जेवायला घरी येऊ लागले.

मी ऋतुराजला व्हिडिओ काढून टाकण्यास सांगितले. तो म्हणाला, “ताई, काकूंना कोण वाईट बोलतंय? चार लोक बोलणारच. बाकीचे कौतुक करत्यात. सगळ्यात जास्त त्यांचाच चाललाय.” ती माझी आई आहे हे तुला माहीत होते का, असे मी विचारले. त्याने सांगितले की, व्हिडिओ टाकताना माहीत नव्हते, नंतर बहिणीने सांगितले. मग का काढला नाहीस, असे विचारले असता त्याने फोन बंद केला.

काल सकाळी वडिलांचे दुकानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘चल की आई’च्या पुढील कार्यक्रमाचा फ्लेक्स लागला. त्यावर माझे आईचा नाचतानाचा फोटो आहे. फोटो माणसाच्या उंचीपेक्षा मोठा आहे. वडील दुकान न उघडता परत आले. मला म्हणाले, “जा, तक्रार दे. मी येत न्हाय. मी आलो तर माझ्या हातनं काय तरी हुईल.” आई स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकले. ती म्हणाली, “तुम्ही ऱ्हावा. मी जाते हिच्यासंगं.” आज आम्ही दोघी पोलीस ठाण्यात आलो.

येथे मला समजावून सांगण्यात आले की, कल्पना चोरली एवढ्यावरून गुन्हा नोंदवता येत नाही. परंतु तोच कार्यक्रम असल्याचे भासवून बायकांना बोलावणे, त्यांचे मोबाईल काढून घेऊन त्यांचे चोरून चित्रीकरण करणे व संमतीशिवाय फोटो जाहिरातीस वापरणे याबाबत चौकशी करता येईल. ऋतुराजला बोलावून घेण्यात आले. तो राजनंदिनीसह हजर झाला.

आईला पाहून ऋतुराज उभा राहिला. आई त्यास म्हणाली, “बसा पावणं. तुमची आई हाय का?”

तो म्हणाला, “हाय की काकू.”

“तिला न्हेलतं का तुम्ही त्या लॉनवर?”

“न्हाय.”

“का?”

राजनंदिनी म्हणाली, “आई येते म्हणत होती काकू. दादानंच नको म्हटलं. वर कॅमेरा हाय म्हणून.” ऋतुराजने सर्वांसमक्ष आईचा व्हिडिओ आपल्या पानावरून काढला. नंतर इतर बायकांचेही काढले. त्यास तसे करण्यास कोणी सांगितले नव्हते. फ्लेक्स उतरविण्यासाठी त्याने माणूस पाठविला. तो मला म्हणाला, “ताई, चुकलं.”

माझे म्हणणे असे की, आईचा व्हिडिओ इतर लोकांचे पानांवर अद्याप फिरत आहे, तो काढण्याबाबत कारवाई व्हावी. चित्रीकरणाची मूळ प्रत ताब्यात घ्यावी. ऋतुराजने पुढील जाहिरातीत माझ्या कार्यक्रमाशी संबंध असल्याचे भासवू नये. नाव व चित्र यांबाबत मी न्यायालयात दाद मागेन. आई-मुलींचा कार्यक्रम त्याने करूच नये असे मी सकाळी म्हणत होते. आता तसे माझे म्हणणे नाही. ज्या बायका मोबाईल दारात ठेवून विश्वासाने आत येतात, त्यांना वरच्या कॅमेऱ्याची माहिती मिळाली पाहिजे, मग आयोजक कोणीही असो.

दुरुस्ती : जबाब मला वाचून दाखविला जात असताना आई शेजारी बसली होती. ‘ती मला शोधत होती’ या वाक्यावर तिने थांबविले. तिचा वेगळा जबाब घेऊ असे सांगितले असता ती म्हणाली, “वेगळा कशाला? ह्यातच लिवा.” तिचे सांगण्याप्रमाणे :

“ही तिथं न्हाय हे मला दारातच कळलं. दारातली पोरगी म्हणाली, कोण अपूर्वा? आदिती म्हणाली, मावशी, परत जाऊया. मीच म्हटलं, आलोय तर ऱ्हाऊया. मला नाचायचं होतं. घरात हिच्यासमोर कधी जमलं नसतं. दाराकडं बघत होते ते वळखीचं कोण येतंय का म्हणून. नाचले ते माझ्या मनानं. व्हिडिओ काढला तो मला न इचारता. ही दोन्ही एकात घालू नका.”

वरील दुरुस्ती माझे संमतीने केली आहे. तक्रार कायम आहे. बाकी मजकूर वाचताना मी नीट ऐकला, मी बोलले तसाच तो उतरला आहे. दुरुस्तीत आलेली गोष्ट मला आजपर्यंत माहीत नव्हती, एवढे शेवटी नोंदवावे.

समक्ष
(सही) अपूर्वा श्रीपाल दानोळे