वाकडी कात्री

धाराशिवच्या दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत ईट गावच्या दोघी माझ्या शेजारी बसल्या होत्या. एक कपडे शिवणाऱ्या केशरबाई, दुसरी दहावीतल्या चैतालीची आई. चैताली आत गेली होती.

"केशरबाई, तुमचं काय?"

"गुडघा. मशीन मारून मारून गेलाय. पोरीचं काय?"

"डॉक्टरनं वाकायला लावलं, तर पाठीची एकच बाजू वर आली. म्हणले, मणका एका अंगाला वळलाय."

"डावा खांदा खाली गेलाय. व्हय ना?"

"तुमाला कसं ठाव?"

"आठवीच्या ड्रेसला म्या डावीकडं खांद्यात अर्धा इंच उतरवलं. नववीला पाऊण."

"मग तवाच सांगायचं की."

"सांगितलं. तुमी म्हणला, पोरगी सरळ हाय, तुमची कात्रीच वाकडी हाय. चार बायांसमोर म्हणला. मग गप तसंच शिवत गेले."

"आता म्हणतेत, दोन वर्सं आधी आणली असती तर पाठीला पट्टा लावून थांबलं असतं. आता ऑपरेशनच लागंल, फोटो बघून ठरवतेत."

केशरबाई गुडघा चोळत राहिल्या.

"केशरबाई, पुढल्या महिन्यात थोरलीला बघायला पावणे येणारेत. हिचा ड्रेस तसाच शिवा. दिसाया नगं."

"शिवते. मापाला पाठवू नका, पाठ हाय मला."

तेवढ्यात दार उघडलं आणि चैताली बाहेर आली.

"आई, ते सारखं म्हणत होते, सरळ उभी राहा. मी सरळच उभी होते."